वाचक विचारतात: सोबत फिरणारा अनोळखी ट्रॅकर

या वेळी एकाच विषयावरची इतकी पत्रं आली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. अनेकींनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून कोणाचंच छापत नाही. बिनतारी उपकरणांच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम. हरवू नये म्हणून किल्ल्यांना, पिशवीला लावायचे हे छोटे टॅग, म्हणजेच ट्रॅकर, टेबलावर घेऊन मी बराच वेळ घालवला आहे, त्यामुळे उत्तरं जरा लांबली तर चालवून घ्या.

प्रश्न : ताई, काल रात्री घरी पोचले आणि माझ्या अँड्रॉइड फोनवर सूचना आली, की एक अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरतो आहे. नकाशावर ऑफिसपासून घरापर्यंतचा माझा रस्ता दाखवलेला. सकाळी त्या सूचनेतलं ‘आवाज वाजवा’ दाबलं, काही झालं नाही. मग स्कॅन केलं तर यादी रिकामी. पर्स पालथी करून पाहिली, काही नाही. मैत्रीण म्हणते, फोनचा काहीतरी घोळ असेल. सोडून देऊ का?

उत्तर : सोडून देऊ नका. एखादा टॅग एकदा जवळून गेला म्हणून फोन अशी सूचना देत नाही. तोच टॅग, त्याच्या मालकापासून दूर असताना, वेगवेगळ्या ठिकाणी तुमच्याबरोबर पुन्हा पुन्हा दिसला तरच देतो. म्हणून ही सूचना बहुधा प्रवास संपता संपता येते. त्यामागे साधं कारणही असू शकतं. सहकाऱ्याच्या किल्ल्या चुकून तुमच्या पिशवीत आल्या असतील, कोणाकडून आणलेल्या जॅकेटच्या खिशात टॅग राहिला असेल, कोणाची इअरफोनची डबी गाडीत पडली असेल (काही इअरफोनही अशीच सूचना उठवतात). पण हे शोधून ठरवायचं, नुसतं मानून चालायचं नाही.

सकाळी काही दिसलं नाही ते का, हे कळायला टॅग काम कसा करतो ते थोडक्यात सांगते. ॲपलच्या एअरटॅगसारख्या टॅगमध्ये जीपीएस नसतो. आत एक ब्लूटूथची चिप आणि सीआर २०३२ ही चपटी बॅटरी असते. टॅग ठरावीक अंतराने एक छोटा संदेश हवेत सोडत राहतो. आसपासचा कोणा परक्याचा फोन तो पकडतो आणि स्वतःचं ठिकाण सांकेतिक रूपात नेटवरून पाठवून देतो. ते उलगडायची किल्ली फक्त टॅगच्या मालकाकडे असते. ज्याच्या फोनने हे काम केलं त्याला याचा पत्ताही नसतो. एअरटॅगसाठी हे काम आयफोन करतात, गूगलच्या जाळ्यातल्या टॅगसाठी अँड्रॉइड फोन. म्हणजे ज्याचा पाठलाग होतो आहे त्याचाच फोन त्याची खबर पुढे पोचवत असू शकतो. मला यातली हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते.

आता गंमत अशी नाही तर अडचण अशी, की टॅग स्वतःची ओळख बदलत राहतो. मालकाजवळ असेल तर दर १५ मिनिटांनी, मालकापासून तुटलेला असेल तर २४ तासांतून एकदा. रात्रीच्या सूचनेतला टॅग सकाळपर्यंत नवी ओळख घेऊन बसलेला असू शकतो. मग कालच्या सूचनेतून दाबलेला ‘आवाज वाजवा’ त्याच्यापर्यंत पोचत नाही, टॅग पर्सच्या तळाशी पडलेला असला तरी. शिवाय हाताने केलेलं स्कॅन मालकापासून दूर असलेलेच टॅग दाखवतं. मालक शेजारच्या खोलीत असेल तर यादी रिकामीच येणार. तिसरी शक्यता म्हणजे टॅग पर्समध्ये नसून काल बरोबर होत्या त्या वस्तूंपैकी दुसऱ्याच कशात तरी आहे.

तेव्हा असं करा. काल बाहेर पडताना जे जे बरोबर होतं ते सगळं तसंच घ्या: तीच पर्स, तेच बूट, तोच कोट, तीच डब्याची पिशवी. घरापासून आणि लोकांपासून दूर मोकळ्या जागी जा. फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवा. सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ उघडा, त्यात ‘अननोन ट्रॅकर अलर्ट्स’ आणि तिथे ‘स्कॅन नाऊ’. दहा-एक सेकंदांत निकाल येतो. रिकामा आला तर थोडं चाला, पंधरा-वीस मिनिटांनी दुसऱ्या जागी पुन्हा करा. काही सापडलं तर आवाज तिथल्या तिथे वाजवा, उद्यावर टाकू नका. टॅगच्या मालकाला आवाज वाजवल्याचं कळत नाही. सूचना आणि नकाशा दोन्हींचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा.

त्यानंतर हाताने शोधा. पर्स झटकून टॅग पडत नाही. लपवणाऱ्याने तो अस्तरात घातलेला असतो. एअरटॅग सुमारे ३२ मिलिमीटर रुंद, ८ मिलिमीटर जाड आणि ११ ग्रॅम वजनाचा असतो. पर्सची शिवण चिमटीत धरून इंच इंच पुढे सरका. तळाची पुठ्ठ्याची पट्टी उचलून बघा, पट्ट्याची दुमड दाबून बघा. बुटातला तळवा काढून खाली बोट फिरवा. काही ट्रॅकर एटीएम कार्डासारखे पातळही येतात, ते पाकिटातल्या कार्डांमध्ये सहज मिसळून जातात, म्हणून प्रत्येक कार्ड बाहेर काढा.

आयफोनवाल्या वाचकांसाठी: ब्लूटूथ, लोकेशन सर्व्हिसेस, त्यातल्या सिस्टीम सर्व्हिसेसमधलं ‘फाइंड माय आयफोन’ आणि ‘सिग्निफिकंट लोकेशन्स’, आणि नोटिफिकेशन्समधली ‘ट्रॅकिंग नोटिफिकेशन्स’, एवढं चालू आहे का ते आजच पाहा. यातलं एखादं बंद असलं तरी सूचना अडू शकते. आलेली सूचना बोटाने उडवली गेली असेल तर ‘फाइंड माय’ ॲपच्या ‘आयटम्स’ भागात ती पुन्हा दिसते.

एअरटॅग एप्रिल २०२१ मध्ये बाजारात आला. अँड्रॉइडसाठी ॲपलने त्या डिसेंबरात एक ॲप दिलं, पण ते आपण होऊन उघडून स्कॅन करावं लागे. अँड्रॉइडवर आपोआप सूचना यायला जुलै २०२३ उजाडला आणि ॲपल आणि गूगल या दोन्ही कंपन्यांनी मिळून ठरवलेली समान पद्धत मे २०२४ मध्ये आली, आयओएस (आयफोनची प्रणाली) १७.५ आणि अँड्रॉइड ६ पासून पुढच्या फोनवर. ज्यांच्या मागे कोणी लागलं होतं अशा माणसांना मधली दोन वर्षं तशीच काढावी लागली. सूचना आधी आणि टॅग नंतर, असा क्रम असायला हवा होता, हे माझं मत मी अजून सोडलेलं नाही.

प्रश्न : मी ब्लूटूथ स्कॅनरचं ॲप घेतलं आहे. उघडलं की तीस-चाळीस उपकरणं दिसतात, निम्म्याहून जास्त बिननावाची. यात ट्रॅकर कोणता हे ओळखायचं कसं?

उत्तर : नावावरून ओळखता येणार नाही, बहुतेक ट्रॅकर स्वतःचं नाव सांगत नाहीत. अँड्रॉइड असेल तर आधी ‘एअरगार्ड’ वापरून बघा. जर्मनीतल्या डार्मस्टाट तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं हे ॲप मोफत आहे, त्याचा कोड कोणीही तपासू शकतो. ते मागे चालू राहून आपणहून लक्ष ठेवतं. फोनची स्वतःची सूचना सगळ्याच कंपन्यांचे टॅग पकडते असं नाही, एअरगार्ड सॅमसंग आणि टाइल या कंपन्यांचेही टॅग ओळखतं. आयफोनवर मात्र एअरटॅग शोधायला बाहेरच्या ॲपच्या नादी लागू नका, तिथे फोनची स्वतःची सूचनाच कामाची.

तुमच्याकडे ‘एनआरएफ कनेक्ट’सारखं तपशील दाखवणारं ॲप असेल तर बिननावाच्या ओळीवर टिचकी मारून त्या उपकरणाने सोडलेल्या संदेशाचा कच्चा मजकूर उघडा. ॲपलच्या उपकरणाचा क्रमांक ००४सी. त्यापाठोपाठ १२ आणि १९ असे दोन आकडे आले तर ते ‘फाइंड माय’ जाळ्यातलं, मालकापासून तुटलेलं उपकरण. तो एअरटॅगच असेल असं नाही, पण संशयितांच्या यादीत घ्या. टाइलच्या टॅगच्या मजकुरात एफ-ई-ई-डी ही चार अक्षरं सापडतात.

पण आकड्यांच्या या जंजाळात शिरायच्या आधी यादी लहान करा. घरात बसून स्कॅन केलंत तर शेजाऱ्यांचे टीव्ही आणि घड्याळंही त्यात येणार. स्वतःचं स्मार्ट घड्याळ आणि इअरफोन बंद करून घरी ठेवा, मोकळ्या रस्त्याने चालायला लागा. मागे पडणारी उपकरणं यादीतून गळत जातील. जे बराच वेळ, साधारण एकाच ताकदीने टिकून राहील ते तुमच्याबरोबर चालतं आहे.

ती ताकद ॲपमध्ये डीबीएम या एककात, उणे आकड्याने दिसते. उणे ९० म्हणजे जेमतेम ऐकू येतंय, उणे ६० म्हणजे त्याच खोलीत, उणे ४० म्हणजे फोन जवळपास टॅगला टेकला. दहाचा फरक म्हणजे ताकद दहापट कमी किंवा जास्त. इथे बहुतेक जण घाई करतात. फोन पर्सवरून झरझर फिरवतात, आकडा बदलत नाही म्हणून निराश होतात. मालकापासून तुटलेला एअरटॅग साधारण दोन सेकंदांतून एकदाच संदेश सोडतो. फोन एका जागी धरा, तीन-चार संदेश येऊ द्या, मगच वीतभर पुढे सरका. एकट्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो पाच-सातने वरखाली होतच असतो.

दिशा काढायला तुमचं शरीर वापरा. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, शरीरातलं पाणी त्या चांगल्याच शोषून घेतं. संशयित सामान टेबलावर ठेवून चार पावलं मागे या, फोन छातीशी धरा आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरा, प्रत्येक पाव फेरीला थांबत. ज्या बाजूला पाठ असताना आकडा सगळ्यांत जास्त पडेल, त्या बाजूला टॅग. मी चाचणीच्या खोलीत सिग्नल नेमका कुठून येतो ते शोधायलाही कधी कधी हेच करते, महागडा अँटेना हाताशी असून.

सामान खूप असेल तर त्याचे दोन ढीग करा. एक ढीग वीस-पंचवीस पावलं लांब कोणाला तरी नेऊन ठेवायला सांगा आणि उरलेल्याजवळ फोन धरा. ज्या ढिगात आकडा चढा राहील त्याचे पुन्हा दोन ढीग. चार-पाच वाटण्यांत तुम्ही एका वस्तूवर येऊन पोचता. कपाट, गाडी अशा पत्र्याच्या जागेत मात्र लहरी आपटून परततात, तिथे आकडा फसवतो. सामान बाहेर काढूनच तपासा.

प्रश्न : माझ्या पर्सच्या अस्तरात एअरटॅग सापडला. आतून उसवून पुन्हा टाके घातले होते. कोणी ठेवला असेल ते मला ठाऊक आहे, मी त्याच्याच घरात राहते. मी तो परत जागेवर ठेवला आहे. माझ्या फोनवर सूचना कधीच आली नाही. पुढे काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही तो जागेवर परत ठेवलात हे फार शहाणपणाने केलंत. बॅटरी काढली की त्या माणसाच्या फोनवर टॅगचं ठिकाण बदलायचं थांबतं आणि तुम्हाला कळलंय हे त्याला कळतं. त्यानंतर तो काय करेल याचा अंदाज तुमच्याइतका कोणालाच नाही. म्हणून टॅग कधी बंद करायचा हे तुमच्या सुरक्षिततेवरून ठरवा, रागावरून किंवा किळसेवरून नको.

सूचना का आली नसेल, याची दोन कारणं मला दिसतात. घरात दोघं असता तेव्हा टॅग मालकाजवळच असतो, फोन त्याला परका समजत नाही. दिवसभर तो तुमच्या पर्समध्ये बाहेर असतो तेव्हा सूचना यायला हवी होती. म्हणून दुसरी शक्यता तपासा: तुमचा फोन त्याच्या हातात जात असेल तर त्याने सूचना बंद केल्या असतील, किंवा आलेल्या सूचनेवर थांबवण्याचं बटण दाबलं असेल. कुटुंबाच्या गटातल्या माणसाचा टॅग असेल तर त्याच्या सूचना कायमच्याही थांबवता येतात. एअरटॅग मालकापासून दूर राहिला की ८ ते २४ तासांत कधीतरी आपोआप वाजतो, पण रोज संध्याकाळी तो मालकाच्या घरी परत जात असेल तर ही घटका भरतच नाही. ज्यांनी ही सोय आखली त्यांच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरचा अनोळखी माणूस होता. एका छपराखाली राहणाऱ्या माणसाविरुद्ध ती पांगळी आहे, आणि पाठलाग करणारा पुष्कळदा घरातलाच किंवा एके काळी घरातला असतो.

आता पुरावा. विश्वासातल्या माणसाचा फोन मिळाला तर त्याच्याने करा, तुमच्या फोनमधले फोटो टॅग ठेवणाऱ्याला दिसत असतील. टॅग अस्तरात आहे त्या अवस्थेतले फोटो काढा, टाकेही दिसू द्या. मग एनएफसी (फोन टेकवून पैसे देताना वापरतात ती सोय) असलेला कोणताही फोन टॅगच्या पांढऱ्या बाजूजवळ धरा. एक पान उघडण्याची सूचना येईल, तिथे टॅगचा अनुक्रमांक आणि नोंदवलेल्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे दिसतात. त्याचा स्क्रीनशॉट घ्या. त्या अनुक्रमांकावरून टॅग कोणत्या खात्याला जोडलेला आहे हे कंपनीला कळतं आणि पोलिसांनी कायदेशीर मागणी केल्यावर ती ते सांगू शकते. म्हणून टॅग फोडू नका, फेकू नका, दुसऱ्याच्या गाडीत टाकून चकवा द्यायलाही जाऊ नका. फेकला की पुरावा गेला.

वकील, पोलीस ठाणं, मैत्रिणीचं घर अशा ठिकाणी जाताना ती पर्स बरोबर नेऊ नका. तुम्ही रोज जिथे असता तिथेच, ऑफिसच्या खणात वगैरे, ती राहू द्या. तुमचा फोनही तपासला जात असेल तर मदतीची चौकशी दुसऱ्याच्या फोनवरून करा. महिलांना मदत करणाऱ्या संस्थेतल्या कार्यकर्तीशी आधी बोललात तर घर सोडायचं की राहायचं, टॅग कधी बंद करायचा, याचा क्रम तुम्हाला मिळून ठरवता येईल. एकटीने ठरवायची ही गोष्ट नाही.

आणि टॅग हा एकच मार्ग आहे असं धरू नका. गूगल मॅप्समधली लोकेशन शेअरिंगची यादी बघा, तुमचं खातं आणखी कोणत्या उपकरणावर उघडं आहे तेही बघा. आयफोन असेल तर आयओएस १६ पासून सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी चेक’ आहे, त्यात कोणाकोणाला तुमचं काय दिसतं ते एकत्र कळतं. तिथेही तेच: आधी फक्त बघा, लगेच तोडू नका, कारण तोडलेलं समोरच्याला लक्षात येऊ शकतं.

ज्या दिवशी बंद करायचा त्या दिवशी: स्टीलची बाजू दाबून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा, झाकण निघतं, बॅटरी काढा. अनुक्रमांक आत बॅटरीखालीही छापलेला असतो.

पत्रावर तुम्ही संपर्क दिला नाहीत, ते ठीकच केलंत. पण पुन्हा लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, अंकाची वाट न पाहता उत्तर देईन.

प्रश्न : कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या बॅगेत काळजीपोटी टॅग ठेवला आहे. तिच्या फोनवर सूचना येते आणि घरात वाद होतात. सूचना येऊ नये म्हणून काय करावं? स्पीकर काढलेले टॅग मिळतात असं ऐकलं.

उत्तर : ते मी सांगणार नाही. तुमची काळजी खरी आहे यात मला शंका नाही, पण स्पीकर काढलेला टॅग मुलीच्या बॅगेत आणि वर ज्या ताईंचं पत्र आहे त्यांच्या पर्समध्ये सारखंच काम करतो. मुलीला समोर बसवून विचारा. ती हो म्हणाली तर आयओएस १७ पासून एअरटॅग आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येतो. तो तिच्याही नावावर जोडला की तिला सूचना येत नाही आणि हरवलेली बॅग तिलाही शोधता येते. ती नाही म्हणाली तर टॅग काढून घ्या.

प्रश्न : गाडीत ट्रॅकर असल्याचा दाट संशय आहे. फोनने सगळे स्कॅन करून झाले, काही मिळालं नाही. म्हणजे नाहीच ना?

उत्तर : तसं म्हणता येणार नाही. फोनला फक्त ब्लूटूथवर बोलणारा टॅग सापडतो. गाडीत पुष्कळदा सिमकार्ड असलेला जीपीएस ट्रॅकर बसवतात. तो स्वतःच ठिकाण काढून मोबाइलच्या नेटवर्कवरून पाठवतो, तुमच्या स्कॅनच्या यादीत यायचं त्याला कारणच नाही. ब्लूटूथ टॅगमध्येही पळवाट आहे: टाइलच्या ‘अँटी-थेफ्ट’ मोडमधला टॅग टाइलच्या स्वतःच्या स्कॅनलाही दिसत नाही.

म्हणून गाडी हाताने तपासावी लागेल. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी ओबीडीचा सॉकेट असतो. मेकॅनिक ज्यात तपासणीचं यंत्र लावतो तोच. तिथे तुम्ही न लावलेलं काही खोचलेलं आहे का ते आधी बघा. मग डॅशबोर्डखालून बॅटरीकडे जाणारी जास्तीची वायर, सीटखालची जागा, डिकीतल्या जादा चाकाचा खळगा. बाहेरून चाकांच्या वरची पोकळी आणि बंपरची आतली कड, चुंबकाने चिकटणारी डबी तिथे बसते. खालची बाजू तुम्हाला स्वतःला दिसणार नाही, ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी उचलून टॉर्चने बघायला सांगा. आजूबाजूच्या मळक्या पत्र्यावर एखादी जागा स्वच्छ किंवा नुकती पुसलेली दिसली तर तिथे नीट हात फिरवा. काही सापडलं तर उपटण्याआधी बसवलेल्या जागेसकट फोटो काढा, आणि त्यावर छापलेला आयएमईआय क्रमांक (सिमवर चालणाऱ्या उपकरणाचा ओळख क्रमांक) वाचता येईल असा दुसरा फोटो जवळून घ्या.